तुम्ही विचारलंत म्हणून: कष्टाळू जुना गडी ठेवायचा का सोडायचा?

एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा, हंगाम संपला की हा प्रश्न ठरलेला. फायनल्स आपल्याकडं सकाळी सहाच्या सुमारास दिसतात, त्यामुळं लातूर असो, नांदेड असो का संभाजीनगर, ग्राउंडवर आलेली पोरं मोबाईल खिशात घालता घालताच विचारतात: "सर, आमच्या टीमचा तो पस्तिशीचा प्लेअर. पॉइंट पाच-सहाच करतो, पण जीव तोडून खेळतो. करार संपलाय त्याचा. टीमनं परत साइन करावं का?" गावोगावच्या क्लबांचे लोक खुल्या स्पर्धांच्या तोंडावर हेच दुसऱ्या शब्दांत विचारतात: सिनिअरला बारा जणांत धरायचं का नाही?

माझं उत्तर असं की ठेवा, पण एका वर्षासाठी ठेवा, किमान पगारावर ठेवा आणि त्याच्या मिनिटांचं काय करणार ते सही करायच्या आधी ठरवा. यातली शेवटची गोष्ट कुणी ठरवत नाही, आणि चांगला निर्णय नेमका तिथंच नासतो.

आधी पैशाचं, कारण पोरांचा सगळ्यात मोठा गैरसमज तिथं आहे. "त्याला सोडा आणि त्याच पैशात तरुण आणा," असं सर्रास म्हणतात. एनबीएत तसं होत नाही. संघाच्या एकूण पगाराला मर्यादा आहे, २०२४-२५ ला ती सुमारे १४ कोटी ६ लाख डॉलर होती. मात्र स्वतःच्या खेळाडूला ठेवण्यासाठी ती ओलांडता येते, आणि जिंकणारे बहुतेक संघ तिच्या वरच असतात. अशा संघानं ५० लाख डॉलरचा गडी सोडला तर जागा रिकामी होते, पण ते ५० लाख काही हातात येत नाहीत. मग लीगनं ठरवून दिलेली एखादी सवलत वापरायची, नाहीतर किमान पगारावर जो मिळेल तो घ्यायचा.

स्वतःच्या खेळाडूला किती देता येतं हे तो किती वर्षं संघात आहे त्यावर ठरतं. करार न तुटता तीन हंगाम झाले की जुना दिग्गज खेळाडू लॅरी बर्डच्या नावानं ओळखला जाणारा हक्क पूर्ण मिळतो आणि मर्यादा ओलांडून हवा तेवढा, त्याच्या कमाल पगारापर्यंत देता येतो. मधे ट्रेड, म्हणजे संघांत खेळाडूंची अदलाबदल, झाला तरी ही मोजणी पुढं चालू राहते. दोन हंगाम असतील तर साधारण आधीच्या पगाराच्या १७५ टक्क्यांपर्यंत. एकच हंगाम असेल तर १२० टक्के. डेन्व्हर नगेट्सला २०२३ च्या विजेतेपदानंतर हेच नडलं. बेंचवरून येऊन सामने फिरवणारा ब्रूस ब्राउन तिथं एकच हंगाम होता, पगार सुमारे ६५ लाख डॉलर. डेन्व्हरला पुढच्या वर्षासाठी ७८ लाखांच्या आसपासच देता येत होते. इंडियानानं दोन वर्षांचे मिळून साडेचार कोटी समोर ठेवले. ब्राउन काही म्हातारा नव्हता, पण नियम सगळ्यांना एकच. म्हणून 'ठेवावा का' विचारायच्या आधी 'ठेवता येतो का' ते बघायचं.

दहा किंवा जास्त वर्षं लीगमध्ये काढलेल्या खेळाडूचा किमान पगार २०२४-२५ ला सुमारे ३३ लाख डॉलर होता. तो एका वर्षाचा करार करत असेल तर संघाच्या हिशेबात फक्त दोन वर्षं अनुभवाच्या खेळाडूचा किमान पगार धरला जातो, म्हणजे जवळपास २१ लाख. वरचे पैसे लीग भरते. जुन्या खेळाडूंना केवळ ते महाग पडतात म्हणून कुणी डावलू नये, यासाठी ही सोय आहे. पण करार दोन वर्षांचा केला की ती जाते. एका वर्षाचा आग्रह मी धरतो त्याचं हे एक कारण. एक अट मात्र लक्षात ठेवायची: एका वर्षाच्या करारानंतर खेळाडूला बर्ड हक्क मिळणार असेल, तर तो हक्क त्यानं आधीच सोडून दिलेला नसल्यास त्याच्या संमतीशिवाय त्याचा ट्रेड करता येत नाही. फेब्रुवारीत ट्रेडसाठी पगार जुळवायला तो वापरू, असं मनात धरून कुणी करार करत असेल तर हे आधी वाचावं.

दुसरं कारण पायांचं.

जीव तोडून खेळणं आणि वेळेवर पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फरक बघायचा असेल तर क्लोजआउट (मोकळ्या शूटरवर धावून जाणं) बघा, बाकी काही बघू नका. बॉल वर टॉपला आहे, आपला गडी मदतीला रिंगाखाली सरकलाय, त्याचा माणूस कॉर्नरमध्ये मोकळा उभा आहे. पास सुटतो. आता चार-पाच मीटर सुसाट जायचं, शेवटची दोन-तीन पावलं बारीक टाकून वेग मारायचा, कंबर खाली, एक हात वर. समोरच्यानं शॉटचा नुसता आव आणून बेसलाइननं ड्रिबल टाकला तर त्याच क्षणी वळून स्लाइड करत, म्हणजे आडवं सरकत, छाती त्याच्यासमोर ठेवायची. वय वाढतं तसं यातलं धावणं बराच काळ टिकतं, थांबणं आधी जातं. मग गडी एक पाऊल अलीकडंच उभा राहतो आणि शॉट मोकळा मिळतो. नाहीतर तो उडतच जातो, समोरचा बाजूनं निघून जातो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात, कारण बघा कसा धावला. स्कोअरबोर्डवर मात्र दोन किंवा तीन चढलेले असतात.

व्हिडिओ मिळत असेल तर हंगामातले शेवटचे वीस सामने काढा आणि त्याचे फाउल कागदावर तीन रांगांत लिहा: हातानं केलेले, अंगानं केलेले, स्क्रीन लावताना (सोबत्याच्या डिफेंडरची वाट अडवून उभं राहताना) झालेले. हातानं केलेले वाढले असतील तर पाय कमी पडायला लागलेत. पाय पोचला नाही की हात आपोआप पुढं जातो. स्क्रीनवरचे वाढले असतील तर तो जागेवर उशिरा येतोय आणि मग कमरेनं वाकून, खांदा घालून अडवतोय. अंगानं केलेल्या फाउलांची काळजी करू नका, ते धाडसाचे असतात.

एनबीए २०१६ पासून कष्टाची कामंही मोजते: बॉलला लावलेला हात (डिफ्लेक्शन), मिळवलेले सुटे बॉल, घेतलेले चार्ज (अंगावर येणाऱ्यासमोर छाती ठेवून मिळवलेले फाउल), हात वर ठेवून अवघड केलेले शॉट. हे आकडे वाचताना एकूण बेरीज बघायची नाही. दर ३६ मिनिटांना किती ते काढायचं आणि मागच्या दोन हंगामांशी ताडायचं. चार्ज टिकून आहेत पण डिफ्लेक्शन घसरलंय असं दिसलं तर डोकं शाबूत आहे, पाय गेलेत. असा गडी दहा मिनिटांसाठी सोनं आहे आणि पंचवीस मिनिटांसाठी ओझं.

शॉटचं जरा सावधपणे घ्यावं लागतं. असा खेळाडू हंगामात दीडशेच्या आसपास थ्री (तीन पॉइंटचे लांबचे शॉट) मारतो. ३६ टक्के म्हणजे ५४ पडले, ४० टक्के म्हणजे ६०. सहा शॉटचा फरक! तेवढ्यावर 'शॉट सुधारला' किंवा 'शॉट गेला' असं म्हणता येत नाही. त्यापेक्षा समोरचा संघ काय करतो ते बघा. प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) त्याचा डिफेंडर त्याला कॉर्नरमध्ये सोडून रिंगासमोरच्या रंगाच्या पट्ट्यात येऊन उभा राहत असेल, तर आपल्या मुख्य खेळाडूची रिंगाकडं जायची वाट बंद होते. साध्या हंगामात हे झाकलं जातं, सात सामन्यांच्या मालिकेत तिसऱ्या सामन्यापर्यंत उघडं पडतं.

पी. जे. टकरचं उदाहरण मी नेहमी देतो. २०२१ ला मिलवॉकीनं विजेतेपद मिळवलं त्यात त्याच्या डिफेन्सचा मोठा वाटा होता. उन्हाळ्यात संघानं त्याला जाऊ दिलं. तो मायामीला गेला, कॉर्नरमध्ये उभा राहिला, त्या हंगामात थ्री ४१.५ टक्क्यांनी मारले, आणि मायामी कॉन्फरन्स फायनलच्या (फायनल्सच्या आधीच्या फेरीच्या) सातव्या सामन्यापर्यंत पोचली. म्हणजे मिलवॉकीनं आणखी एक वर्ष ठेवायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण पुढं बघा. २०२२ ला, वयाच्या ३७ व्या वर्षी, फिलाडेल्फियानं त्याला तीन वर्षांचे सुमारे ३ कोटी ३० लाख डॉलर दिले. पहिलं वर्ष ठीक गेलं. दुसऱ्या हंगामाच्या सुरुवातीलाच तो जेम्स हार्डन या स्टार खेळाडूच्या ट्रेडमध्ये लॉस एंजेलिस क्लिपर्स संघाकडं गेला आणि तिथं त्याला फारसं खेळायलाच मिळालं नाही. गडी तोच, मेहनत तीच. पहिल्या संघानं एक वर्ष कमी दिलं, दुसऱ्यानं दोन वर्षं जास्त दिली.

मायामीनं युडोनिस हॅस्लेमच्या बाबतीत हे नीट सांभाळलं. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, निवड न झालेला हा खेळाडू २००३ ते २०२३ असे २० हंगाम एकाच संघाकडं राहिला, तीन विजेतेपदांत होता. शेवटच्या वर्षांत संघ दर उन्हाळ्यात त्याच्याशी एका वर्षाचा करार करायचा. आपल्याकडं पाडव्याला सालगड्याचं साल ठरतं, दोघंही समोरासमोर बसून पुढच्या एका वर्षाचं बोलतात, तशीच ही रीत. त्या वर्षांत तो कोर्टवर जवळजवळ उतरत नव्हता. सरावात तरुणांना अंगावर घ्यायचं, बेंचवरून बोलायचं, चुकलेल्याला तिथल्या तिथं ऐकवायचं, हे त्याचं काम होतं आणि ते त्यालाही मान्य होतं.

मिनिटांचं मी सुरुवातीला म्हटलं ते हेच. एका सामन्यात संघाकडं २४० खेळाडू-मिनिटं असतात. जुन्या गड्याला रोज १२ दिली तर ८२ सामन्यांत ९८४ होतात. ती कुणाची तरी असतात, बहुतेक वेळा बावीस वर्षांच्या पोराची. कोच त्या पोराला मुद्दाम मागं ठेवत नाही. चौथ्या क्वार्टरमध्ये जीव घाबरा होतो आणि ज्याच्यावर भरवसा आहे त्याच्याकडं नजर जाते, इतकंच. यावर उपाय एकच: करार करतानाच तो संघाचा अकरावा-बारावा माणूस आहे हे त्याला, कोचला आणि त्या पोराला, तिघांनाही सांगायचं. संघात पंधरा पूर्ण करार असतात, त्यातली शेवटची एक जागा त्याला द्यायला काही हरकत नाही. एकाच कामाचे दोन जुने गडी मात्र ठेवू नयेत.

आता आपल्याकडचं. इथं आंतरविद्यापीठ स्पर्धांना २५ वर्षांची अट, त्यामुळं ती ओलांडलेल्याला पोरं सरळ 'सिनिअर' म्हणायला लागतात आणि २८ व्या वर्षी त्याला बाजूला काढायची भाषा होते. हे मला पटत नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी अंग गेलेलं नसतं, सराव गेलेला असतो. नोकरी, शेती, दुकान सांभाळून तो आठवड्यातून दोनदा येतो, त्यात कोर्ट सिमेंटचा. गुडघे तिथं झिजतात. त्याला पाच दिवस बोलवू नका. तीन दिवस बोलवा, त्यातल्या एकाच दिवशी उड्या आणि पूर्ण कोर्टाचा खेळ ठेवा. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असताना पाचनंतरही सिमेंट तापलेलं असतं, म्हणून सकाळचीच वेळ बरी.

संघ निवडायच्या आधी तीन गोष्टी मोजा, आणि सरावाच्या शेवटी, दमलेला असताना मोजा. एक, रंगाचा पट्टा ४.९० मीटर रुंद असतो. या रेषेपासून त्या रेषेपर्यंत तीस सेकंद स्लाइड करायला लावा आणि रेषेला किती वेळा पाय लागला ते मोजा. दोन, रिंगाखालून कॉर्नरपर्यंत सहा क्लोजआउट, समोर खरा ड्रिबल करणारा पोरगा उभा करून. तीन, दोन्ही कॉर्नरमधून पंचवीस-पंचवीस थ्री. आपल्याकडं कॉर्नरची रेषा ६.६० मीटरवर, एनबीएत ६.७० वर, फरक किरकोळ आहे, त्यामुळं टीव्हीवर दिसतो तसाच शॉट इथंही मागता येतो. हेच तिन्ही त्याची जागा मागणाऱ्या तरुणालाही करायला लावा आणि आकडे दोघांसमोर ठेवा. स्लाइडमध्ये तरुण पुढं असेल आणि शॉटमध्ये सिनिअर, तर दोघांनाही घ्या. आपल्या सामन्यात चाळीस मिनिटं आणि पाच फाउल. समोरचा धिप्पाड सेंटर थोपवायला पाच फाउल घेऊन येणारा जाणता माणूस तिसऱ्या क्वार्टरमध्ये लागतोच.

तिन्हीत मागं असेल तर त्याला सांगावं लागेल. कोचनं स्वतः, एकट्याला गाठून, स्पर्धेची नोंद पाठवायच्या निदान तीन आठवडे आधी. ग्रुपवर यादी टाकून त्याला कळवू नये. आणि तो बेंचवर यायला राजी असेल तर त्याचं नाव सहायक कोच म्हणून द्या. स्कोअरशीटवर त्यासाठी वेगळी जागा असते, बारा खेळाडूंतली एकही जात नाही.