फुसका बार

‘मी त्याला ठासून सांगितलं’ असं आपण येता-जाता म्हणतो. मीही म्हणायचो. ठासणं म्हणजे नेमकं काय, हे मात्र हातात गज येईपर्यंत कळलं नव्हतं. ठासणीच्या बंदुकीच्या नळीत तोंडाकडून दारू ओतायची, वर गोळी ठेवायची आणि गजाने ती खाली दाबत न्यायची. आधी ती अडखळत, कुरकुरत जाते. मग गज एकदम थांबतो आणि तळहाताला एक बोथट, भरीव ठेच लागते. ठासली! यापुढे कितीही जोर लावा, गोळी तसूभरही हलणार नाही. बोलतानाही ही ठेच कळली असती, तर माझी निम्मी भांडणं वाचली असती.

मला हे शिकवलं एका वयस्कर नेमबाजाने. मैदानावर सगळेच त्यांना काका म्हणतात. पहिल्या दिवशी मी विचारलं, “काका, तासाभरात किती बार होतील?”

“घाई आहे का तुला?”

“नाही, सहज विचारलं.”

“मग मोजतोस कशाला?”

तिथून पुढे मी मोजणं सोडलं. निदान तोंडाने तरी.

बंदूक भरण्याचा विधी सवयीच्या हातालाही पाऊण-एक मिनिट घेतो, माझ्यासारख्या नवख्याला तीन-चार. दारू साठवायच्या शिंगातून ती थेट नळीत ओतायची नाही, हा पहिला धडा. मागच्या बाराची एखादी ठिणगी आत जिवंत असली, तर अख्खं शिंग हातात फुटायचं. म्हणून आधी दारू मापात घ्यायची आणि मगच मापाने नळीत. आमचं माप ७० ग्रेनचं, म्हणजे जेमतेम साडेचार ग्रॅम. मग नळीच्या तोंडावर सुती कापडाची चिंधी, थुंकीने ओली केलेली. तिच्यावर शिशाची गोल गोळी. नळी १२.७ मिलिमीटरची आणि गोळी तिच्याहून पाव मिलिमीटरने लहान; मधली फट चिंधी भरून काढते. नळीच्या आतल्या पीळदार खाचांची पकड खरं तर या चिंधीवर असते, गोळी नुसती तिच्या कुशीत बसून फिरत जाते. गोळी दारूला टेकलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फाटू शकते. म्हणून गजावर एक खूण केलेली असते. ती नळीच्या तोंडाशी आली की समजायचं, खाली सगळं जागेवर आहे.

चिंधी गोळीबरोबर बाहेर पडते आणि काही पावलांवर जमिनीवर येते. काका ती हटकून उचलतात. डॉक्टर एक्स-रे धरतात तशी उजेडात धरतात. मधोमध काळा डाग आणि कडा नुसत्या विसविसलेल्या असल्या, तर सगळं ठीक. भोक पडलं असेल तर कापड पातळ, चीर गेली असेल तर नळीच्या तोंडाची कड धारदार. गोळी लक्ष्यावर कुठे लागली हे आम्ही बघायला धावतो, काका आधी चिंधी बघतात. गोळी खोटं बोलते, नशिबाने मध्यावर जाऊन बसते. चिंधी खोटं बोलत नाही, असं त्यांचं मत. मी नेहमी गोळीच्या बाजूने असतो, कारण माझ्याकडे फुशारकी मारण्यासारखं तेवढंच असतं.

आमची बंदूक चकमकीची. चाप ओढला की घोडा पडतो, त्याच्या जबड्यातली गारगोटी पोलादी पातीवर घासते, ठिणग्या पडतात. त्या पडतात रंजकावर, म्हणजे नळीबाहेरच्या छोट्या वाटीतल्या चिमूटभर बारीक दारूवर. रंजक भडकते, तिची ज्योत कान्यातून, म्हणजे नळीच्या बाजूच्या बारीक भोकातून, आत शिरते आणि मग बार उडतो. रंजक हा शब्द आपण आता गोष्टींना लावतो. इथे ती खरोखर भडका उडवते, आणि तोही डोळ्यापासून वीतभर अंतरावर.

चाप आणि धमाका यांच्यामध्ये सेकंदाचा एक बारीक तुकडा उरतो. सगळं नीट असेल तर जाणवणार नाही इतका, रंजक दमट असेल तर चांगला लांबलचक. त्या तुकड्यात माणसाने काही करायचं नसतं. डोळा माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवर; गाल दस्त्यावर, श्वास अर्ध्यावर. माझा गोंधळ नेमका तिथेच. चाप ओढला की माझं काम संपलं, असं मला वाटायचं, आणि काय झालं ते बघायला मी मान उचलायचो. गोळी अजून नळीतच असायची. ती माझ्या मानेमागे निघायची आणि वर कुठेतरी आभाळात जायची. मेसेज पाठवल्यावर निळ्या खुणेसाठी फोन हातात धरून बसणाऱ्याला याहून कठीण शिक्षा नाही. पण चटक लागली ती याच तुकड्याची.

हा तुकडा ज्यांना अजिबात सोसला नाही, त्यांच्यात स्कॉटलंडचा एक धर्मोपदेशक होता. अलेक्झांडर फोर्सिथ हे त्याचं नाव. त्याला पक्ष्यांच्या शिकारीचा भारी नाद. रंजकाचा लखलखाट दिसला की गोळी पोचायच्या आत पक्षी बगल देत, हे त्याचं दुखणं. आघाताने पेट घेणारा स्फोटक पदार्थ वापरून त्याने रंजकाची सुट्टीच केली आणि १८०७ मध्ये पेटंट घेतलं. त्याच वाटेने पुढे घोड्याच्या आघाताने पेटणारी तांब्याची टोपी आली आणि चकमक अडगळीत गेली. म्हणजे बंदुकीच्या इतिहासातली एक मोठी उडी पक्ष्यांच्या चलाखीमुळे झाली. ती पक्ष्यांनाच महागात पडली, ते वेगळं. पुढे १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने बिनधुराची दारू केली आणि आमच्या या जुन्या, काळ्या दारूचाही कारभार आटोपला.

तरी लोक तिच्यामागे का लागतात? धूर हे एक कारण. सोरा, गंधक आणि कोळसा या त्रिकुटातला निम्म्याहून अधिक ऐवज जळल्यावर घनरूपातच उरतो. काही पांढऱ्या ढगात जातो, उरलेला नळीत काजळी होऊन बसतो. ती काजळी हवेतलं पाणी ओढते आणि रात्रीत गंज चढवते. म्हणून त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुवावी लागते. काळंशार पाणी येतं आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो. हा वास आवडतो असं सांगणारे लोक मला भेटले आहेत. मी अजून त्या पायरीवर पोचलेलो नाही.

या बंदुकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धाही होतात, आणि त्यांचा एक नियम मला फार माणुसकीचा वाटतो: ३० मिनिटांत १३ बार, त्यातले उत्तम १० धरायचे. तीन चुका आधीच माफ! उलट शिकारीच्या हंगामासाठी दुर्बीण लावलेल्या, सरळ रेषेत टोपी बसवलेल्या नव्या ठासणीच्या बंदुका निघाल्या आहेत, त्यांचं मला कोडं पडतं. ठासणीच्या शिकारीचा स्वतंत्र हंगाम मिळावा म्हणून तोंडाकडून भरायचं आणि बाकी सगळं आजचं. उपासाला साबुदाणा वड्यांवर ताव मारण्यातला प्रकार. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियात नाताळानंतर हरणाच्या शिकारीचा खास चकमकीच्या बंदुकांसाठी हंगाम असतो. ते लोक मला जास्त सरळ वाटतात.

शिकारीला मी काकांबरोबर एकदाच गेलो. हंगाम होता, परवाने होते, सगळं रीतसर. हातात एकच बार आहे हे माहीत असलं की माणूस वेगळाच वागतो. लांबच्या हरणावर बंदूक उचलत नाही, झुडपाआडच्या हालचालीवर तर नाहीच. जखमी जनावर पळालं तर दुसरी गोळी भरेपर्यंत ते कुठच्या कुठे गेलेलं असेल. काका ५० पावलांपलीकडे बघतसुद्धा नाहीत.

पहाटेपासून धुकं होतं. “दर अर्ध्या तासाने रंजक बदल,” काकांनी सांगितलं होतं. ठासून सांगितलं होतं. मी दोनदा बदलली, मग बोटं गारठली आणि कंटाळा आला. नेमकी तेव्हा हरणी आली. ४० पावलांवर, आडवी, मान खाली. मी घोडा पूर्ण मागे घेतला, माशी तिच्या खांद्यामागे आणली, चाप ओढला. खट्. ठिणग्या पडल्या. वाटीतून फुस्स करून एक करडा धूर उठला आणि पुढे काहीच नाही. हरणीने मान वर केली, कान माझ्याकडे वळवले. पळाली असती तर बरं वाटलं असतं. ती चालत गेली.

“बंदूक खाली घेऊ नकोस,” शेजारून काका पुटपुटले. उशिरा पेट घेणारा बार मिनिटभरानेही उडू शकतो. मी तसाच उभा राहिलो, रिकाम्या जागेवर नेम धरून. जन्मात पहिल्यांदा चाप ओढल्यावर मी मान उचलली नाही.

संध्याकाळपर्यंत दुसरं जनावर दिसलं नाही. भरलेली बंदूक घेऊन परत निघायचं नाही, आणि आतली गोळी उपसून काढण्यापेक्षा बार उडवून टाकणं सोपं. काकांनी मातीचा उंच बांध दाखवला. काना सुईने मोकळा केला, वाटी पुसून कोरडी रंजक भरली, चाप ओढला. पहिल्याच ठिणगीला दणका. समोर पांढरा ढग उभा राहिला आणि वारा नसल्याने हलेचना.

काका वाकून त्या ढगात शिरले. बऱ्याच वेळाने बाहेर आले, तेव्हा चिमटीत चिंधी होती. त्यांनी ती उरल्यासुरल्या उजेडात उलटसुलट करून बघितली आणि माझ्या हातात दिली.

“चिंधी छान आलीये,” म्हणाले. ती अजून कोमट होती.