यादीतलं नाव

19 एप्रिल 2024, शुक्रवार, रात्र

आज एका अनोळखी माणसानं माझं पूर्ण नाव भर वर्गात मोठ्यानं वाचलं. आधी अनुक्रमांक, मग नाव. समोर बसलेल्या उमेदवारांच्या पोलिंग एजंटांनी आपापल्या यादीत खूण केली. महापालिकेच्या शाळेतला पहिलीचा वर्ग, भिंतीवर बाराखडी, बाकं एका कडेला सरकवलेली. माझ्या अंगावर काटा आला.

सातला मतदान सुरू होणार म्हणून पावणेसातलाच रांगेत होतो. आग्रह आजीचा. "ऊन तापायच्या आधी जाऊ वं." दीक्षाभूमीवर जाताना नेसते ती पांढरी साडी तिनं काल रात्रीच काढून ठेवली होती. नागपुरातल्या आमच्या इंदोऱ्यापासून शाळा जवळच, पण पंचाहत्तरीच्या गुडघ्यांना ती जवळ नाही. ती दोनदा थांबली. रिक्षा मात्र करू दिली नाही.

मागच्या वर्षी 18 पूर्ण झाले तेव्हा मी मतदार नोंदणीचा फॉर्म 6 भरला. कार्ड आलं आणि पाहते तर माझ्या नावातला एक काना गळालेला. घरी सगळे म्हणाले, एका कान्यानं काय होते, चालून जाते. मलाही तसंच वाटलं. आजी मात्र ऐकेना. "नाव नीट करून घे, मंग बाकीचं." तिच्यापायी दुरुस्तीचा फॉर्म 8 भरला, दोन महिने वाट पाहिली आणि मनातून थोडी चिडलेही. एवढा हट्ट कशाचा, ते तिनं या आठवड्यात सांगितलं.

तिचं माहेर भंडारा जिल्ह्यातलं. 1951-52च्या पहिल्या निवडणुकीसाठी याद्या करायला माणूस गावात आला, तेव्हा पणजीनं स्वतःचं नाव सांगितलंच नाही. परक्या पुरुषाला बाईनं नाव कसं सांगायचं? "लिहा, अमक्याची बायको." त्या वेळी देशभरात अशा सुमारे 28 लाख बायका यादीतून गळाल्या. स्वतःच्या नावाशिवाय मतदार होता येणार नाही, असं पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं होतं. काही ठिकाणी नावं सांगायला मुदतही वाढवून दिली. मला त्यांचं ठरवणं बरोबर वाटतं. तरी पणजीचा विचार आला की गळा दाटतो. तिला कुणी अडवलं नव्हतं, फक्त स्वतःचं नाव आपलं आहे हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

1954 साली बाबासाहेब भंडाऱ्यातून पोटनिवडणुकीला उभे राहिले. पणजी तिथलीच, आणि यादीत तिचं नाव नाही. बाबासाहेब ती निवडणूक हरले. एका मतानं निकाल बदलला नसता, हे पणजीलाही कळत होतं. "पण माहं मत त्यायच्या पेटीत नव्हतं," हे ती मरेपर्यंत बोलत राहिली, असं आजी सांगते. ज्या माणसानं 1928 साली सायमन कमिशनपुढे प्रत्येक प्रौढाला मत मागितलं, त्यालाच मत द्यायचं राहून गेलं. हे मी लिहिते आहे आणि पुढचं वाक्य सुचत नाही.

आजीनं पहिलं मत 1971 साली दिलं, तेव्हा वय 21 लागायचं. बाबा वर्षाचे होते, कडेवर घेऊन गेली. बाबांचं पहिलं मत 1989चं, वय 19. त्याच वर्षी मार्चमध्ये 61वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि 21चे 18 झाले. नाहीतर त्यांना 1991पर्यंत थांबावं लागलं असतं.

उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं मी तीन रात्री वाचली. मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण, सगळं त्यात असतं. वाचताना कळलं की मला सगळ्यात जास्त राग ज्याचा येतो, ते आमच्या गल्लीतलं गटार आणि नळाची वेळ, त्यासाठी विचारायचं ते खासदाराला नाही, नगरसेवकाला. आणि महापालिकेत मार्च 2022पासून नगरसेवकच नाहीत, प्रशासक आहे. मला मताचा हक्क आला, पण माझ्या दारासमोरच्या प्रश्नाची निवडणूक अजून व्हायचीच आहे. ती लवकर व्हावी, मनापासून वाटतं.

खोक्याच्या आडोशामागे दोन बॅलट युनिटं, म्हणजे उमेदवारांच्या बटणांची यंत्रं, शेजारी शेजारी होती. एकावर 16च बटणं मावतात, आणि यंदा नागपुरातून 26 उमेदवार. बटण दाबलं, लाल दिवा लागला. मताची चिठ्ठी छापणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेमागे चिठ्ठी आली, 7 सेकंद दिसली आणि खाली पडली. कुणाला दिलं ते इथेही लिहीत नाही. पण त्या 7 सेकंदांत माझ्या मनात उमेदवार नव्हता, पणजी होती.

बाहेर आजी पायरीवर बसून वाट पाहत होती. तिनं माझं बोट स्वतःच्या हातात घेतलं, शाई पाहिली आणि विचारलं, "नाव बरोबर वाचलं का त्यानं?"

"हो आजी. काना पण वाचला."

तेव्हा कुठं ती उठली.

संध्याकाळच्या बातम्यांत नागपूरचं मतदान निम्म्याच्या आसपास सांगत होते. शेजारच्या दोन मैत्रिणी गेल्याच नाहीत. मी त्यांना काही बोलले नाही, पण मला वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं आहे. उद्या पणजीची गोष्ट सांगून पाहीन.

भावाला सप्टेंबरमध्ये 18 पूर्ण होतात. आता 1 जानेवारीसाठी थांबावं लागत नाही, 1 ऑक्टोबरही पात्रता तारीख आहे, आणि 17 पूर्ण असले की अर्ज आधीच करता येतो. रविवारी त्याला फॉर्म 6 भरायला बसवणार आहे. काना-मात्रा मी स्वतः तपासणार, आणि माझ्यानंतर आजी.