चार आणि आठ वगळून

सालसा या जोडीने करायच्या लॅटिन नाचाच्या क्लासात चार आणि आठ हे आकडेच नसतात. सर मोजतात ते असं: "एक, दोन, तीन... पाच, सहा, सात..." तीन पावलं टाकायची, चौथ्या मात्रेला थांबायचं. पुन्हा तीन टाकायची, आठव्याला थांबायचं. वाचताना काय सोपं वाटतं! प्रत्यक्षात पाय थांबायला तयार नसतात. वर्षानुवर्षं कुकरच्या शिट्ट्या आणि ऑफिसची बस यांच्यामध्ये धावलेल्या बाईचे पाय ते. रिकामी मात्रा दिसली की ती भरून मोकळे होतात.

तीनतालाची खाली आपल्या कानाला ओळखीची असते. नवव्या मात्रेला टाळी नाही, हात नुसता बाजूला उलटा करायचा. पण सालसातली गंमत वेगळी आहे. आपण चारवर थांबतो तेव्हा कोंगा हा उभा ढोल वाजवणारा थांबलेला नसतो. तो नेमका त्या चौथ्या मात्रेवर आणि तिच्या पुढच्या अर्ध्यावर दोन मोकळे, घुमणारे ठोके देतो. 'टुंबाओ' म्हणतात त्या ठेक्याला. पाय हलत राहिले तर हे ठोके गाण्यात कुठे विरून जातात कळतही नाही. थांबायला जमलं आणि मला ते पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आले, तेव्हा मी या नाचाच्या प्रेमात पडले. तारीख विचाराल तर सांगता येणार नाही, मात्रा मात्र सांगता येईल.

या सगळ्याच्या खाली आणखी एक हिशेब चालू असतो, क्लावेचा. दोन लाकडी दांडक्यांचे पाच ठोके, कधी आधी तीन मग दोन, कधी आधी दोन मग तीन. कितीतरी गाण्यांत ही दांडकी प्रत्यक्ष वाजतही नाहीत, तरी वाद्यवृंदातला प्रत्येक जण तो हिशेब मनात धरून वाजवत असतो. हे क्यूबाच्या 'सोन' संगीतातून आलं. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांचे ताल आणि स्पॅनिश गिटार यांचा तो संसार. पुढे पोर्तो रिको आणि क्यूबाहून आलेल्या लोकांनी न्यूयॉर्कच्या वस्त्यांमध्ये त्यात जॅझ मिसळला. 1964 मध्ये जॉनी पाचेको हा मूळचा डॉमिनिकन वादक आणि जेरी मासुची नावाचा वकील यांनी मिळून फानिया ही रेकॉर्ड कंपनी काढली. सुरुवातीला पाचेको गाडीच्या डिकीतून रेकॉर्डी विकत हिंडायचा म्हणे. त्या डिकीतला माल आज कोथरूडमध्ये, दहावीच्या क्लासेसच्या वरच्या मजल्यावर वाजतो आणि खालचे पालक जिन्यात थांबून वर बघतात.

पालकांचंही चुकत नाही. आपल्याकडे नाचायची लाज कुणाला नाही. विसर्जन मिरवणुकीत, वरातीत, हळदीला सगळे नाचतात. पण ते गर्दीत आणि ज्याचं त्याने. परक्या माणसाचा हात हातात घेऊन, त्याच्या डोळ्यांकडे बघत नाचायचं म्हणजे अवघड. क्लासात तर दर दोन-तीन मिनिटांनी सर "रोटेट!" म्हणून ओरडतात आणि गोलातले सगळे जोडीदार एकेक जागा सरकतात. सर म्हणजे माझ्या भाच्याच्या वयाचा मुलगा, पण सर तो सरच.

या रोटेटमुळे माणसं हातांवरून ओळखायला शिकले. आयटीतला एक मुलगा, एसीने गारठलेल्या बोटांचा. एक निवृत्त काका, आपला तळहात आधी विजारीला पुसून मगच पुढे करणारे. एक जण ओठांतल्या ओठांत "पाच, सहा, सात" पुटपुटतो आणि सातनंतर श्वासच घ्यायचा विसरतो. धरायची रीत ठरलेली आहे. लीडरचा, म्हणजे पुढची चाल ठरवणाऱ्याचा, उजवा हात फॉलोअरच्या, म्हणजे ती चाल ओळखून नाचणाऱ्याच्या, पाठीवर, डाव्या खांद्याच्या मागे. दुसऱ्या हाताची बोटं एकमेकांत नुसती अडकवायची, अंगठ्याने दाबायचं नाही. दोघांनीही एकमेकांना किंचित ढकललेलं असतं, इतकं हलकं की बघणाऱ्याला दिसणार नाही. एकाने ते सोडलं की दुसऱ्याला काही कळेनासं होतं. यात रोमान्स शोधायला येणाऱ्यांची पहिल्याच तासाला निराशा होते. आपण कुणाच्या बुटावर पाय देतोय का, या चिंतेत कसला रोमान्स!

मी फॉलोअर. हल्ली बायका लीड करतात, पुरुष फॉलो करतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. पण मी हे मुद्दाम निवडलं. घरात आणि ऑफिसात पुढचं ओळखणं हेच माझं काम. गॅस कधी संपेल, सासूबाईंचं औषध कधी आणायचं, साहेब मीटिंगमध्ये काय विचारतील. इथे तेच नडतं. सर सारखे सांगतात, "ताई, अंदाज नका बांधू. त्याला विचारू तरी द्या!" कारण एका गाण्याची ओळख झाली की वाटतं, आता गिरकी येणार. आपण गिरकी घेतो, आणि समोरच्याच्या मनात भलतंच असतं. फॉलो करणं म्हणजे मान डोलावणं नव्हे. हातातून आलेला निरोप पूर्ण ऐकायचा, मगच वजन हलवायचं, आणि हे सगळं अर्ध्या मात्रेच्या आत. ज्याला ते निष्क्रिय वाटतं त्याने एकदा तीन गाणी करून बघावीत.

क्लासात शिकवतात तो दुसरा नाच बचाटा, त्याचं प्रकरण निराळं. तो चार मात्रांचा. तीन पावलं बाजूला, चौथ्याला टॅप आणि कंबरेचा झोका. शिकायला सोपा, म्हणून नवशिके तिथे गर्दी करतात. त्याचा इतिहास वाचला तेव्हा मला आपली लावणी आठवली. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये त्रुहियोची हुकूमशाही 1961 मध्ये संपली आणि पुढच्याच वर्षी होसे मान्वेल काल्देरोनने बचाटाची पहिली रेकॉर्ड केली. त्यानंतर कितीतरी वर्षं हे गिटारवरचं विरहगीत दारूच्या गुत्त्यांचं आणि कुंटणखान्यांचं म्हणून हिणवलं गेलं. सभ्य घरांत लावायची सोय नव्हती. 2019 मध्ये त्याच बचाटाला युनेस्कोने मानवजातीच्या वारशाच्या यादीत बसवलं. आता उपनगरातल्या डॉक्टरीणबाई सासूला सांगून बचाटाला जातात. (शेजारच्या वर्गात किझोम्बा चालतो. तो आफ्रिकेतल्या अंगोलाचा, म्हणजे लॅटिन नाहीच. पण 'लॅटिन'च्या एका पाटीखाली सगळं खपतं.)

शनिवारी रात्री सोशल असतं, म्हणजे सगळ्यांनी जमून नुसतं नाचायचं. तिथे सर नाहीत, मोजणी नाही. माहितगार लोक जादा शर्ट, छोटा टॉवेल आणि पुदिन्याच्या गोळ्या घेऊन येतात. स्वेडच्या तळव्याचे बूट पिशवीतून आणून तिथेच घालतात, कारण रस्त्यावर घातले तर तळवा मेला. तो तळवा तारेच्या ब्रशने खरवडत बसलेल्या बायका बघितल्या की जात्यावर बसल्यासारख्या तल्लीन वाटतात. कुणीही कुणाला विचारतं. कॉलेजमधला पोरगा समोर येऊन हात पुढे करतो, आणि गाणं संपलं की "थँक्यू" म्हणून दुसरीकडे जातो. नाव विचारायचंही राहून जातं. मला येणाऱ्या पाच-सहा चालींमध्ये तो काय काय बसवतो! मी शिकाऊ आहे हे त्याला पहिल्या आठ मात्रांतच कळतं, आणि चांगला लीडर असेल तर उरलेलं गाणं तो तेवढ्यातच सुंदर करतो. वाईट लीडर मात्र आपल्याला दुपट्ट्यासारखं पिळतो. असे भेटले की मी बिनदिक्कत "पाय दुखतोय" सांगून पाणी प्यायला जाते.

घरच्यांचं म्हणाल तर नवरा सोडायला-आणायला येतो, वर येत नाही. लेकीची अट एकच, रील टाकायचं नाही.

गेल्या महिन्यापासून सरांनी मला लीडही शिकायला लावलंय, बेसिकपुरतं. उजवी गिरकी द्यायची तर तीनवर हात वर गेला पाहिजे, म्हणजे समोरचीला पाच-सहा-सातात फिरता येतं. मला वाटलं, हे तर रोजचंच काम. जोडीला इंजिनिअरिंगची एक मुलगी होती. मी मोजून तीनवर हात उचलला, ती फिरली, सातवर पुन्हा समोर आली, सगळं वेळेत. मी खूश. ती मनगट चोळत हसत म्हणाली, "ताई, तुम्ही विचारलं नाही हं. तुम्ही सांगितलं."