पैसे मागायचं काम सोडून काहीही

‘शिकवतो, सर्व्हे करतो, हिशेब लिहितो, वस्तीत फिरतो, फक्त देणग्या मागायला पाठवू नका.’ पुण्यातल्या सामाजिक संस्थांच्या मुलाखतींमध्ये हे वाक्य हमखास ऐकू येतं. नुकताच एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेला मुलगा ते म्हणतो, आणि हिंजवडीतली नोकरी सोडून आलेल्या बाईही म्हणतात. यात कमीपणा काहीच नाही. सत्तरी ओलांडल्यावर महिला विद्यापीठासाठी युरोप, अमेरिका, आफ्रिका पालथी घालणारे अण्णा कर्वे एखादेच. तळेगावच्या काच कारखान्यामागे अंताजी काळ्यांनी लोकांकडून एकेक पैसा मागून उभा केलेला पैसा फंड होता, पण त्या पैशापैशाच्या नोंदी ठेवायलाही कुणीतरी बसलंच असणार. या बसणाऱ्या माणसाबद्दल सहसा कुणी बोलत नाही.

पण एक गंमत आहे. जो मागत नाही, त्याचाच पगार मागून आणणं सगळ्यात अवघड असतं.

वह्या-दप्तरांना देणगीदार मिळतो. वाढदिवसाला मुलांना जेवण द्यायला तर तारखा वाटून द्याव्या लागतात. अकाउंटंटचा पगार, लाइट बिल, ऑडिट फी यांच्यासाठी मात्र कुणाचाही वाढदिवस येत नाही. परदेशी निधीतून प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपर्यंतच करता येतो. २०२० च्या दुरुस्तीआधी ही मर्यादा ५० टक्के होती. सीएसआरमध्ये, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने सामाजिक कामावर करायच्या खर्चात, ५ टक्क्यांचा नियम आहे, तो खरं तर कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चासाठी. पण समोरचे साहेब तो संस्थेलाच लावतात, आणि चेक त्यांच्या हातात असल्यामुळे वाद घालायला कुणी धजत नाही.

म्हणून मागायचं नसेल, तर निदान आपल्या कामाचं वर्णन तरी नीट लिहून द्यावं. प्रपोजलमध्ये ‘अकाउंटंट, १ पद’ एवढंच लिहिलं की पहिली कात्री तिथेच लागते. त्याऐवजी महिन्याचे २५ दिवस कुठे गेले याची टाइमशीट ठेवावी. समजा अभ्यासिकांच्या प्रकल्पाला १०, आरोग्याच्या प्रकल्पाला ८, आणि ऑफिसच्या सामाईक कामाला ७ दिवस गेले. मग पगाराचे ४० टक्के पहिल्या प्रकल्पात, ३२ टक्के दुसऱ्यात मागता येतात आणि सामाईक खर्चाला फक्त २८ टक्के उरतात. टाइमशीट मात्र रोजच्या रोज भरायची. मार्चमध्ये एका बैठकीत, एकाच पेनाने भरलेली बारा महिन्यांची टाइमशीट ऑडिटरला लांबूनही ओळखू येते. आणि तिन्ही आकड्यांची बेरीज १०० च यावी. वेगवेगळ्या दात्यांना वेगवेगळे आकडे देऊन १३० टक्के राबणारे कर्मचारी कागदोपत्री बऱ्याच ठिकाणी सापडतात.

फील्डवर काम करणाऱ्याला वाटतं, आपण तर या सगळ्यापासून दूर. तसं नसतं. जनता वसाहतीतल्या वर्गात त्या दिवशी हजेरी ३८ लागते, खाऊचं बिल ४५ पुड्यांचं असतं आणि फोटोत मुलं दिसतात २२. कारणं साधीच असतात: पुडे पाकिटाने येतात, फोटो सुटायच्या वेळी काढला, धाकटी भावंडंही खाऊला आली. यात लबाडी कुठेच नाही. पण तीन महिन्यांनी हेच तीन आकडे कंपनीच्या माणसासमोर एका ओळीत येतात, आणि उत्तर द्यायला त्या दिवशी तिथे नसलेली फंडरेझिंगवाली मुलगी बसलेली असते. हजेरीखाली ‘पाहुणी मुलं ७’ एवढं लिहिलं आणि फोटो वर्ग भरल्यावर दहा मिनिटांत काढला, तर तिचा अर्धा तास वाचतो.

व्हाउचरचंही तसंच. रिक्षाचं बिल मिळत नाही, म्हणून साधं व्हाउचर करतात. त्यावर तारीख, कुठून कुठे, कशासाठी, प्रकल्पाचं नाव, पैसे घेणाऱ्याची सही आणि मंजुरीची सही लागते. ‘प्रवास खर्च, २४० रुपये’ एवढंच लिहिलेलं व्हाउचर ऑडिटमध्ये पेन्सिलच्या गोलासह परत येतं. बसचं तिकीट थर्मल कागदावर छापलेलं असतं, पावसाळा संपेपर्यंत ते कोरं होतं. त्याच आठवड्यात झेरॉक्स काढून मूळ तिकिटाला टाचून ठेवावी. ही शिस्त कंटाळवाणी आहे, मान्य. पण सीएसआरचे पैसे हप्त्याहप्त्याने येतात. करार झाल्यावर पहिला हप्ता, पुढचा तिमाही रिपोर्ट आणि युटिलायझेशन सर्टिफिकेट (आधीचे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) पोहोचल्यावर. वेल्ह्याच्या कार्यकर्त्याची व्हाउचरं वीस दिवस उशिरा आली की सर्टिफिकेट अडतं, मग हप्ता अडतो, मग पगार. त्या महिन्यात फंडरेझरच्या नावाने बोटं मोडली जातात, हा निव्वळ अन्याय आहे.

पावतीपुस्तक तर कुणालाच चुकत नाही. ऑफिसात एकटे असताना एखादे आजोबा पिशवीतून नोटा काढतात आणि ‘पाच हजार लिहा’ म्हणतात. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ८०जीची, म्हणजे देणगीदाराला मिळणारी आयकराची, सवलत मिळत नाही, हे नोटा मोजायच्या आधी सांगावं, नंतर नाही. आजोबांनी नवी करपद्धत घेतली असेल तर ही सवलत तशीही नाही. ते त्यांना बहुधा आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आल्यावर कलमांचे आकडे बदलले, तरी तोंडी ८०जीच राहणार. पावतीवर नाव, पत्ता, पॅन आणि देणगी कशासाठी हे लिहायचंच, कारण वर्ष संपल्यावर देणगीदारांची यादी आयकर खात्याला ऑनलाइन द्यावी लागते आणि पॅन राहिला की सगळ्यांना फोन करत बसावं लागतं. चुकलेली पावती फाडून टाकायची नाही. दोन्ही प्रतींवर ‘रद्द’ लिहून पुस्तकातच ठेवायची.

शनिवारी कंपनीचे तीसेक जण एकसारखे टी-शर्ट घालून भिंती रंगवायला येतात, तेही निधी संकलनच, नाव फक्त वेगळं. (काही शाळांच्या भिंतींवर रंगाचे इतके थर चढलेत की खिळा ठोकला तर विटेपर्यंत पोहोचायचा नाही.) पितृपंधरवड्यात संस्थांच्या प्रदर्शनात स्टॉल लागतो, तिथेही समुपदेशकापासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांची पाळी येते. अशा ठिकाणी मागावं लागतच नाही, विचारलेलं सांगावं लागतं. किती मुलं, कोणत्या वस्तीत, एका मुलामागे वर्षाला किती खर्च. हा शेवटचा आकडा पाठ हवा, आणि त्यात पगार धरलेले हवेत. लाजेपोटी फक्त वह्यांचा खर्च सांगितला तर देणगीदाराला वाटतं काम तेवढ्यातच होतं, आणि पुढच्या वर्षी तो तेवढेच देतो.

नोकरी घेण्याआधी संस्थेचे तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब मागून पाहावेत. सार्वजनिक न्यासाला ते दरवर्षी धर्मादाय आयुक्तांकडे सादर करावे लागतात, म्हणजे गुपित असं काही नसतं. निम्म्याहून जास्त पैसे एकाच कंपनीकडून येत असतील, तर ती कंपनी हात आखडता घेईल त्या वर्षी माळीबुवाही प्रपोजल लिहायला बसतील. आपला पगार खर्चाच्या कोणत्या हेडखाली पडणार, तो प्रकल्प ३१ मार्चला संपतो का आणि पुढचा करार कोणत्या टप्प्यावर आहे, हे स्पष्ट विचारावं. चार-पाच माणसांच्या संस्थेत ‘मी मागणार नाही’ ही अट टिकत नाही. पंचवीस-तीस माणसांच्या, निधी संकलनाला वेगळा माणूस असलेल्या संस्थेत टिकते. आणि नेमणूकपत्राच्या तळाशी ‘व्यवस्थापन सांगेल ती इतर कामे’ अशी एक ओळ असते. गेल्या वर्षी त्या ओळीखाली नेमकं काय काय करावं लागलं, हे आधी तिथे काम केलेल्या माणसाला गाठून विचारून घ्यावं.