कोतोला जागा करून देताना

गाणं माझंच, जी मायनरमधलं, चार कॉर्डचं. ड्रम, बेस, गिटार सगळं रेकॉर्ड झालं होतं, वर फक्त कोतो, म्हणजे जपानी तंतुवाद्य, हवा होता. टोकियोतल्या निशी-कासाईच्या घरात तो मी सॅम्पलरवरच, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणाऱ्या यंत्रावर, वाजवला. पीटर गॅब्रिएलनं 1986 मध्ये शाकुहाची बासरी सॅम्पलरमधूनच आपल्या गाण्यात घेतली होती, तेव्हा कोतोही जमेल असं वाटलं. स्वर बरोबर लागले, पण प्रत्येक स्वर जसा सुटायचा तसाच विरायचा. मध्ये त्याचं काहीच होत नव्हतं.

ओळखीतून साइतामातल्या एका कोतो शिकवणाऱ्या बाईंकडे पोचले. वाद्य जवळजवळ सहा फुटांचं, म्हणून लॅपटॉप आणि दोन माइक घेऊन मीच त्यांच्याकडे जायचे. सेन्सेईंनी (जपानीत शिक्षकांना असंच म्हणतात) पूर्ण गाणं हेडफोनवर ऐकलं आणि विचारलं, "यात मी थांबायचं कुठे?" मला उत्तर देता आलं नाही. थांबायला जागा ठेवलीच नव्हती.

त्यांचा कोतो हिराजोशी या पारंपरिक जपानी स्वररचनेत लावलेला होता. तेरा तारा, पण स्वर पाचच: डी, ई फ्लॅट, जी, ए, बी फ्लॅट. डीला सा धरलं तर सा, कोमल रे, म, प, कोमल ध. हे तर आपल्या गुणकलीचे स्वर! मी आरोह गुणगुणले, त्यांनी तो लगेच तारांवर काढला. त्या दुपारी रेकॉर्डिंग काहीच झालं नाही, पण मी घरी फार आनंदात गेले.

अडचण कॉर्डची होती. जी मायनर आणि ई फ्लॅट मेजर या स्वरांत पूर्ण बसतात. धृपदात मात्र माझी एफ मेजर होती, आणि कोतोवर ना एफ होता ना सी. प्रत्येक तारेखाली सरकणारी घोडी असते; तिच्या डावीकडे तार दाबून स्वर चढवता येतो, त्याला ओशिदे म्हणतात. पण ई फ्लॅटचा एफ करायचा म्हणजे पूर्ण एक स्वर चढवायचा. एखाद्या ठिकाणी तो दाब फार देखणा वाटतो, दर चार मात्रांना नाही. घोड्या सरकवून एफ मिळवता आला असता, पण मग हिराजोशीचा रंगच गेला असता. शेवटी मी एफ मेजर काढून टाकली आणि तिथे नुसते डी आणि ए ठेवले. चालीतला एक स्वरही बदलला. धृपद आता जास्त मोकळं वाटतं, आणि मला तेच आवडतं.

सेन्सेई शिकवतात तोंडानं: कोरोरिन, सारारिन, शान. तबल्याच्या बोलांसारखंच. मी ते वहीत देवनागरीत उतरवले आणि त्यावरून सुरुवातीचा तुकडा बांधला. पण सारारिन सावकाश सुरू होऊन वेग घेत जातं, आणि क्लिक, म्हणजे हेडफोनमधला लयीचा ठोका, आपली एकाच चालीनं टकटकत राहते. अकरा टेक घेतले. सगळे तालात, आणि सगळे घट्ट आवळलेले. मग क्लिक बंद केली. त्यांनी मनासारखं वाजवलं, आणि शेवटच्या शाननंतर ड्रम कुठे सुरू करायचे ते मी नंतर कानानं ठरवलं.

मधल्या चहाला त्यांनी कपाटातून तायशोगोतो काढून दाखवला. बटणं दाबून वाजवायचं हे वाद्य 1912 मध्ये नागोयात मोरिता गोरो यांनी बनवलं. मी गिरगावातली, पाहताक्षणी ओळखलं: गणपतीच्या मिरवणुकीतल्या बँजोचाच हा पूर्वज! फोनवर बँजो पार्टी ऐकवली तेव्हा सेन्सेई कितीतरी वेळ मान हलवत राहिल्या.

मिक्सिंगला सर्वांत जास्त वेळ गेला. कोतोचा आघात टोकदार आणि आस आखूड, त्यामुळे गिटारची झणझण त्याच पट्टीत आली की तो दिसेनासा होतो. कडव्यांतली गिटार मी पूर्ण काढली. एक माइक घोड्यांच्या वर होता, दुसरा खालच्या बाजूच्या ध्वनिछिद्राजवळ. लाकडाची ऊब या दुसऱ्यातूनच आली. सेन्सेईंच्या ट्यूनरवर ए स्वर 442 हर्ट्झला होता आणि माझ्या गाण्यात 440 ला, म्हणून दर वेळी तेरा तारा पुन्हा लावाव्या लागल्या. त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही.

पुढच्या गाण्यासाठी त्यांनी सतरा तारांचा कोतो सुचवलाय. मियागी मिचिओ यांनी 1921 मध्ये खर्जासाठी घडवलेला. म्हणजे बेस गिटारही लागायची नाही. या वेळी घरी एकही ट्रॅक केलेला नाही. रविवारी नुसती चाल घेऊन जाणार आहे.