कस्टर्ड, जेली आणि नळ्या: आमची वाटचाल

आम्ही कस्टर्ड पावडर बनवतो, जेली बनवतो, सरबताची पावडर बनवतो आणि तळायच्या रंगीत नळ्या पॅक करून विकतो. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत छोटा गाळा आहे, शेजारी टॉवेलचे लूम दिवसभर खडखडत असतात, त्या आवाजातच आमचं काम चालतं. पॅकिंगला बायका आहेत, त्यातल्या काही आईच्या वेळेपासूनच्या. फर्म मोठी नाही आणि लई मोठी व्हावी असंही कधी वाटलं नाही, पण जो माल आम्ही करतो त्याच्यावर आमचा जीव आहे.

एक गोष्ट आधी सांगतो. आमचं गिऱ्हाईक माल मागताना आवाज खाली आणतं. प्रदर्शनात स्टॉल लावला की शेजारच्या स्टॉलवर नाचणीची बिस्किटं, गुळाचे लाडू, सगळं ऑर्गॅनिक, तिथं माणसं मोठ्यानं बोलत असतात आणि आमच्याकडं येऊन हळूच विचारतात, "ते जुनं पिवळं कस्टर्ड आहे का हो, पोरांसाठी पायजे होतं." पोरं कुठं दिसत नाहीत. चाळिशी-पन्नाशीची माणसं, चांगल्या नोकरीतली, आणि लाल जेलीचं पाकीट हातात आलं की चेहरा बघण्यासारखा होतो. डॉक्टर लोकपण येतात. मी कुणालाच काही विचारत नाही, एक पाकीट जास्तीचं देतो.

सुरुवात अण्णांनी केली, म्हणजे माझ्या वडलांनी. अण्णा मिलमध्ये साचे खात्यात होते. सोलापूर हे गिरण्यांचं गाव, भोंग्यावर सगळ्या पेठांची घड्याळं चालायची, आणि मग एकेक गिरणी बसत गेली, पगार लांबायला लागले, शेवटी अण्णांची मिलपण बंद पडली. त्या वयात दुसरीकडं कोण घेणार, काहीजण लूमवर गेले, काहीजण रिक्षा चालवायला लागले. अण्णांच्या ओळखीचे एक व्यापारी मंगळवार पेठेत होते, त्यांच्याकडं मक्याचा स्टार्च, इसेन्स, रंग असा सुटा माल यायचा. ते म्हणाले हे घेऊन जा, कस्टर्ड पावडर करून बघ, यात फार काही नाही. खरंच फार काही नाही: मक्याचा स्टार्च, चिमूटभर मीठ, रंग आणि व्हॅनिलाचा वास. पण ते सगळं एकसारखं मिसळलं गेलं पायजे, एका चमच्यात पिवळं आणि दुसऱ्यात पांढरं असं झालं की दुकानदार पुन्हा दारात उभं करत नाही, त्यामुळं आई ते चाळणीतून पुन्हा पुन्हा चाळायची, अंगावर, केसावर, भिंतीवर सगळीकडं पिवळी धूळ.

पाकीट बंद करायला मशीन कुठलं. प्लास्टिकच्या पिशवीचं तोंड हॅक्सॉ ब्लेडवर दुमडायचं आणि मेणबत्तीच्या ज्योतीवरून सरकन फिरवायचं, हात हळू चालला की पिशवी जळते आणि लवकर उचलला की तोंड उघडं राहतं. आईचा हात यात इतका बसला होता की ती बोलत बोलत पाकिटं काढायची. अण्णा सायकलला पिशवी अडकवून मधला मारुती, बाळीवेस, कन्ना चौक, अशोक चौक असे किराणा दुकानांतून फिरायचे.

माल खरा चालला तो पूर्व भागात. तिथं विणकरांची घरं, बहुतेक तेलुगू बोलणारी, पुरुष लूमवर आणि बाई घरी बिड्या वळणार. बिडीची मजुरी हजारावर, म्हणजे हजार बिड्या वळल्याशिवाय हातात काही पडत नाही, मान खाली घालून सूप मांडीवर घेऊन दिवस जातो. त्या बाईनं बासुंदी कधी आटवायची? बासुंदीला दोन लिटर दूध, तासभर चुलीपुढं उभं राहणं, आणि शेवटी वाटीभर होते. कस्टर्डला अर्धा लिटर दूध, दोन मोठे चमचे पावडर, साखर, आणि दहा मिनिटांत पाच-सहा जणांचं गोड तयार. म्हणून बिड्या जमा करून पगार घेऊन येताना त्या बायका आमचं छोटं पाकीट घ्यायच्या. आई त्यांना अक्का म्हणायची, त्या आईला अक्का म्हणायच्या, आणि दुकानात भेट झाली की "अक्का, परवाचं घट्ट झालं की वो, दूध कमी पडलं का काय" असं सगळं बोलणं व्हायचं. त्यावेळी कुणी असलं खाणं आळशी बाईचं खाणं म्हणलेलं मला आजपण सहन होत नाही. आळशी कुठली, तिच्या दिवसात तेवढीच दहा मिनिटं मोकळी होती आणि त्यात तिनं पोरांना गोड करून घातलं.

जरा मागं जाऊन सांगतो, कारण मला ही गोष्ट फार आवडते. अंड्याशिवायची कस्टर्ड पावडर पहिल्यांदा केली इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या केमिस्टनं, 1837 साली. खरं कस्टर्ड अंड्याचं असतं आणि त्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं, म्हणून त्यानं मक्याचा स्टार्च वापरून बायकोपुरतं करून बघितलं. एका माणसानं बायकोसाठी केलेला पदार्थ, तो सोलापुरात आला आणि आमच्या लिंगायत, जैन, मारवाडी गिऱ्हाइकांच्या घरात जसाच्या तसा बसला, कारण अंडं नाही! आईला हे मी वाचून दाखवलं तेव्हा ती खूश झाली, म्हणाली चांगला नवरा होता.

मग लग्नं. नव्वदच्या दशकात सोलापुरात लग्नाच्या पंगतीत फ्रूट सॅलड-पुरी असली की लोक महिनाभर बोलायचे. फ्रूट सॅलड म्हणजे आमचंच कस्टर्ड, पातळ केलेलं, त्यात केळी, चिकू, सफरचंद, द्राक्षं आणि वर डाळिंबाचे दाणे, आणि आपल्या जिल्ह्यात द्राक्षाला आणि डाळिंबाला काय कमी आहे. आचारी लोक किलोकिलोनं पावडर न्यायचे. बर्फाच्या पाटाला टेकवलेल्या मोठ्या पातेल्यात ते पिवळं दूध, वरून तरंगणारे लाल दाणे, आणि आम्ही पोरं पुरी बाजूला ठेवून नुसत्या वाट्या रिचवायचो. आता लग्नात पन्नास काउंटर असतात पण तसल्या फ्रूट सॅलडची आठवण काढणारे मला रोज भेटतात.

जेलीचं प्रकरण सोलापुरात वेगळं आहे, इथं थोडं सविस्तर सांगतो. बाजारात पूर्वी जी जेली यायची त्यातली बरीचशी जिलेटिनची, म्हणजे जनावरापासूनची, ती आमच्या अर्ध्या गिऱ्हाइकांना चालणारच नाही. शिवाय जिलेटिनची जेली तीस-पस्तीस डिग्रीला वितळायला लागते आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीसपर्यंत जातो, फ्रीजमधून वाटी काढून पोराच्या हातात देईपर्यंत सरबत झालेलं असायचं. आणि फ्रीज तरी किती घरांत होते? म्हणून अण्णांनी पहिल्यापासून चायना ग्रासची जेली धरली. चायना ग्रास म्हणजे आगर-आगर, समुद्रातल्या शेवाळापासून करतात, ते उकळत्या पाण्यात विरघळतं, चाळीसच्या खाली आलं की बसतं, आणि एकदा बसलं की पुन्हा वितळायला ऐंशी-पंच्याऐंशी डिग्री लागते. त्यामुळं फ्रीज नसलेल्या घरात परातीत माठाचं गार पाणी घ्यायचं, त्यात वाट्या ठेवायच्या, संध्याकाळपर्यंत जेली तयार आणि उन्हाळ्यातपण ढळत नाही. जिलेटिनसारखी ती लुसलुशीत थरथरत नाही हे मान्य, जरा कुरकुरीत तुटते, पण आमच्या लोकांना तीच जेली माहीत आहे आणि तीच पायजे. अजून एक, ताजं अननस घातलं की जिलेटिनची जेली बसतच नाही, अननसातला रस ती तोडतो, चायना ग्रासला काही होत नाही.

नळ्या आम्ही नंतर घेतल्या. कुणी बॉबी म्हणतं, कुणी फिंगर म्हणतं, गावोगावी नावं वेगळी. पाचही बोटांत घालून एकेक खायच्या त्या. मैदा, स्टार्च आणि मीठ-पाण्याची कणीक साच्यातून काढून वाळवतात, वरून कडकडीत वाळलेली दिसते पण आत थोडा ओलावा असतो, कडक तेलात पडली की त्या ओलाव्याची वाफ होते आणि नळी फुलते. तेल कमी तापलं तर ती तेल पिते आणि दाताला चिकटते. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते तेव्हा होम मैदानावर नळ्यांचे ढीग लागतात, पाळण्यात बसलेली पोरं, हातात नळ्यांची पिशवी, आणि आयांच्या हातातपण तीच. गड्ड्याचा सीझन आमचा वर्षातला सगळ्यात चांगला सीझन.

मधली वर्षं वाईट गेली. मॉल आले, मोठ्या कंपन्यांचे चकचकीत डबे आले, आणि त्यातच लोक लेबल वाचायला लागले, मैदा वाईट, साखर वाईट, रंग वाईट. बाहेरगावच्या एका डिस्ट्रिब्यूटरनं भरपूर माल उचलला आणि पैसे बुडवले, त्याचं जास्त बोलत नाही. 2015 ला मॅगीवर बंदी आली तेव्हा मी सगळं बारीक बघत होतो, जूनमध्ये बंदी, ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टानं उठवली, नोव्हेंबरमध्ये पाकिटं परत दुकानात, आणि लोकांनी अशी उचलली जशी कुणी घरचं माणूस परत आलंय. तेव्हा मला कळलं की लोक अशा खाण्यावर रागावतात, लांब राहतात, पण सोडत नाहीत.

त्याच सुमारास आम्हाला सल्ले फार मिळाले. ज्वारीचं कस्टर्ड करा, साखरेऐवजी गूळ पावडर घाला, पाकिटावर हेल्दी लिहा. मी नाही म्हणलं. माझा माल हेल्दी नाही, तो आठवड्यातून एकदा वाटीभर खायचा माल आहे, आणि हे मी विचारणाऱ्याला तोंडावर सांगतो, शुगर असलेल्याला तर आधी सांगतो. रंगाचं मात्र मनापासून बघितलं. पिवळ्या रंगाला टार्ट्राझिन असतं, त्याला कायद्यानं मर्यादा आहे आणि पाकिटावर तसं छापावं लागतं, आम्ही छापतो. तरी एका वर्षी सिंदुरीच्या बियांचा रंग, ज्याला ॲनाटो म्हणतात, तो घालून वेगळा माल काढला. चवीत फरक नाही, पण रंग जरा केशरी-मातकट. पुण्यातल्या नव्या गिऱ्हाइकांना आवडला. पूर्व भागातल्या अक्का लोकांनी पाकीट परत आणून दिलं, "हे आपलं न्हवं" म्हणाल्या. आता दोन्ही माल चालू आहेत, ज्याला जे पायजे ते घ्यावं.

आणि झटपट खाणं हे काय परदेशातून आलेलं नाही. सोलापूरची कडक भाकरी बघा. ज्वारीची, बाजरीची भाकरी पापडासारखी पातळ थापून कडक वाळवलेली, महिनाभर टिकते, सोबत शेंगाची चटणी आणि वर तेल, झालं जेवण, चूल पेटवायला नको. प्रवासाला, शेताला, यात्रेला लोक हेच बांधून न्यायचे. आज तीच पाकिटातून पुण्या-मुंबईला जाते आणि तिला सगळे मानानं खातात. मग दहा मिनिटांच्या कस्टर्डनं काय पाप केलंय? गरज एकच होती, काम करणाऱ्या माणसाच्या हाताशी तयार काहीतरी असावं.

आमचं गाडं परत रुळावर आलं ते गाव सोडून गेलेल्या पोरांमुळं. हुतात्मा एक्सप्रेसनं रविवारी पुण्याला परत जाणारी पोरं बॅगेत चटणी, कडक भाकरी नेतात तसं आमचं कस्टर्डपण न्यायला लागली. लॉकडाऊनमध्ये तर व्हॉट्सॲपवर इतके मेसेज आले, घरात बसलेल्या लोकांना आईच्या हातचं फ्रूट सॅलड आठवलं होतं आणि दुकानं बंद, कुरिअर चालू झालं तसं एकेक पार्सल पाठवलं. माझ्या मुलीनं तेव्हा हट्ट धरला की अण्णांच्या वेळचं लेबल परत आणायचं, लाल अक्षरं, पिवळी वाटी, वर डाळिंबाचे दाणे. छपाईचा जुना ब्लॉक कुठंच मिळाला नाही, एका गिऱ्हाईक बाईंनी डब्याच्या तळाशी अंथरलेलं जुनं पाकीट फोटो काढून पाठवलं, त्यावरून मुलीनं परत काढलं. आता या उन्हाळ्यापासून छोटं पाकीटपण परत चालू करतोय, अर्ध्या लिटर दुधाचं, कारण मोठं पाकीट एकट्या राहणाऱ्याला संपत नाही आणि ओलं लागलं की गाठी धरतं.

फोन रोज येतात आणि प्रश्न तेच असतात, म्हणून इथंच लिहून टाकतो. पावडर कधीही गरम दुधात घालू नका, वाटीभर गार दुधात आधी कालवा, मग उकळत्या दुधात धार सोडत ढवळा, नाहीतर गुठळ्या होणारच. गॅस बंद करायच्या आधी एक चांगली उकळी येऊ द्या, कच्चा स्टार्च जिभेला लागतो. साय धरू नये म्हणून गार होईपर्यंत मधूनमधून हलवा. द्राक्षं, संत्रं असली आंबट फळं पूर्ण गार झाल्यावरच घाला, गरमात घातली की दूध फाटतं. केळं सगळ्यात शेवटी, वाढायच्या वेळी चिरा, आधी चिरलं की काळं पडतं. डाळिंब सांगोल्याकडचं मिळालं तर दुसरं घेऊ नका.