हिमालयनला पेट्या चढल्या

बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, नटबोल्टला तोटा नाही, म्हणून माझ्या रॉयल एनफिल्ड हिमालयन मोटरसायकलला सामानाच्या पेट्यांचा रॅक घरीच बसवला. सगळे बोल्ट आधी हातानेच तीन-चार आटे धरून ठेवायचे, दोन्ही बाजू मागच्या आडव्या पट्टीने जोडायच्या, पाना त्यानंतर. एक बाजू आधी आवळली की दुसरीकडचं भोक दोन मिलिमीटर सरकलेलं. मग बसा हातोडी शोधत! बोल्टला निळं लॉकटाइट (आटे सैल होऊ न देणारा चिकटद्रव), थेंबभरच. लाल नको, काढताना बोल्ट तापवायची पाळी येते.

सायलेन्सर उजवीकडे, त्यामुळे माझ्या रॅकवर ती पेटी जरा बाहेर राहते. म्हणून तिच्यात कपडे आणि रेनकोट. अवजारं, पंक्चर किट डावीकडे, तळाशी. भरल्यावर मागच्या शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) वाढवला, नाहीतर हेडलाइट झाडांच्या शेंड्यावर.

शेजारचे मामा बघून म्हणाले, "दूधवाल्याच्या गाडीगत दिसायलंय की रे!" दिसू दे. शहापूरच्या गल्लीत मात्र हँडल गेलं म्हणून पेटी जाईलच असं नाही, हे डोक्यात ठेवावं लागतं.

जांबोटी-कणकुंबीचे खड्डे खाऊन आल्यावर बोल्ट पुन्हा तपासले. वरचा डावा पाव आटा फिरला. चोर्ला घाट उतरायच्या आधी कणकुंबीत चहाला थांबाल तेव्हा त्याच्यावर एकदा पाना लावाच.